मशीन कुणाला पाहिजे?

शिलाई मशीनच्या दुकानात पुरुष माणूस एकटा गेला, की त्याला कुणी गिऱ्हाईक समजत नाही, निरोप्या समजतात. हे मला साठी उलटल्यावर कळलं.

शहापूरच्या बाजारात पहिल्या दुकानात शिरलो. खांद्यावरची पिशवी उतरवली नाही तोच दुकानदाराने विचारलं, काकू नाही आल्या? म्हटलं, नाही, मीच बघायला आलोय. तर म्हणतो, मग त्यांना फोन लावा ना, व्हिडिओवर दाखवतो. माझं टाळकंच फिरलं. अख्खी नोकरी रेल्वेत, कसाऱ्याला गेली. गाडी घाटात निघायच्या आधी तिचे ब्रेक, तिच्या जोडण्या तपासायचं काम माझं. मी मान हलवल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही. आणि सुईदोऱ्याची हातभर मशीन कळायला मला बायको पाहिजे म्हणे.

त्याने पांढरी, विजेवर चालणारी मशीन पुढे ओढली. तिच्यावर फुलं होती, पानं होती, बदकाचं चित्रसुद्धा होतं. बटण दाबलं की बदक उमटतं, असं त्याने कौतुकाने सांगितलं. मी विचारलं, गोधडीचे पाच पदर सुईखाली जातील का? तो म्हणाला, काका, गोधडी आजकाल कोण शिवतं? आणि पुन्हा बदकावर आला. माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायची त्याला गरजच वाटली नाही.

मला गोधडीच शिवायची होती. नवशिका होतो, ते मी कबूल करतो. पण हौस म्हणून निघालो नव्हतो.

त्याच्या चारेक महिने आधी बायकोच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि उजवा पाय. पाय काठीच्या आधाराने थोडा चालायला लागला, हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा. त्या दिवशी ती गोधडीच शिवत होती. आमच्या लेकीला पहिल्यांदा दिवस गेले होते. आमच्याकडे बारशाला बाळ पाळण्यात घालतात ते आजोळच्या गोधडीवर, आणि ती जुनेराचीच लागते. वापरून वापरून मऊ झालेली लुगडी, धोतरं, परकर. नवं कापड तान्ह्याच्या अंगाला टोचतं. शिवण कडेपासून सुरू करायची, फेरे घेत घेत आत जायचं आणि शेवटचा टाका मधोमध पडायचा. तो टाका जिने सुरुवात केली तिनेच घालायचा, असा आमच्या घरातला नेम.

बायकोच्या गोधडीची मधली जागा शिवायची राहिली होती. सुई तशीच कापडात खोचलेली. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने ती गोधडी बघितली आणि मला म्हणाली, "ठेवा ती वर कपाटावं. माझ्यानं आता नाय होनार."

त्यानंतर तिने गोधडीचं नाव काढलं नाही. गोधडीचंच कशाला, फारसं काहीच बोलली नाही. जेवायला वाढलं की जेवायची, टीव्ही लावला की बघायची. शेजारणी येऊन माझ्याशीच बोलायच्या, कशी आहे आता, गोळ्या घेते का. ती समोर बसलेली असायची आणि मी उत्तरं द्यायचो.

लेक बाळंतपणाला यायची वेळ जवळ आली, तसा मीच गोधडी खाली काढली. हाताने शिवून बघितलं. टाके असे पडले की माझे मलाच बघवेनात, अंगठ्याची चाळण झाली ती वेगळी. ते टाके उसवले आणि ठरवलं, मशीन आणायची, शिकायचं आणि गोधडी पुरी करायची. बायकोला काही सांगितलं नाही. म्हटलं, बिचारीला कशाला त्रास.

दुसरं दुकान पहिल्यापेक्षा वरचढ निघालं. तिथे काळी, पायाने चालवायची मशीन होती, भक्कम लोखंडाची. बघूनच बरं वाटलं. दुकानदाराने कोऱ्या कापडाची चिंधी घातली आणि झरझर टीप मारून दाखवली. पातळ एकपदरी चिंधी. अशी चिंधी तर कुठलीही मशीन शिवेल. रिकामी गाडी सपाटीवर थांबली म्हणून तिचे ब्रेक चांगले म्हणायचे का? मी पिशवीतून गोधडी काढली आणि म्हटलं, यावर मारून दाखवा.

त्याने हात मागे घेतला. म्हणाला, "काका, सकाळपासून भवानी नाही झाली. नव्या मशीनवर जुनेर नका ठेवू."

मी तिथे भांडलो. होय, भांडलो. म्हटलं, तू जन्माला आलास तेव्हा तुला काय कोऱ्या सुटाच्या कापडात गुंडाळला होता? आजीच्या लुगड्याच्या तुकड्यातच गुंडाळला असेल ना? तेव्हा चाललेल्या जुनेराचा आता मशीनला विटाळ होतो का? दुकानातली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. मालकाने हात जोडले आणि वर सल्ला दिला, रागावू नका, काकूंना घेऊन या, बायकांना यातलं बरोबर समजतं. पुन्हा तेच. गोधडीची घडी घालायलाही थांबलो नाही, तशीच पिशवीत कोंबली आणि घरी आलो.

घरी येऊन बायकोसमोर सगळं ओकलो. बदक सांगितलं, भवानी सांगितली. म्हटलं, माणूस समोर उभा आहे, धडधाकट आहे, तोंडाने बोलतोय, आणि हे त्याला सोडून दुसऱ्यालाच विचारतात. मला काय पाहिजे ते मला विचारायला काय जातं यांच्या बापाचं?

ती ऐकत होती. पिशवीतून गोधडीचं टोक बाहेर आलं होतं, तिकडे बघत होती. मग म्हणाली, "मंग तुमी तरी मला कुठं इचारलंत?"

मी ते टोक पिशवीत सारायला गेलो.

"गोधडी माजी. लेक माजी. तुमी कपाटावरनं काढलीत, दुकानं फिरलात. मी हितंच बसलेय ना?"

चार महिन्यांत ती एका दमात एवढं बोलली नव्हती. मला राग आला, खोटं कशाला बोलू. तिच्यासाठीच तर एवढा फिरलो होतो. पण तो राग घेऊन जायचा कुठे? दुकानदारांना ज्या शिव्या घातल्या होत्या त्या एकेक करून माझ्याच अंगावर आल्या. त्यांनी मला पाच मिनिटं बाजूला सारलं तर मी बाजार डोक्यावर घेतला, आणि मी तिला चार महिने बाजूला ठेवलं होतं. शेजारणींना उत्तरं देत बसायचो तेव्हा ती काय गिळत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. स्वतःची इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

खाली तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, "सांग गो, कुठली आणू?"

तिने मला गोधडी पसरायला लावली. मग डाव्या हाताने दाखवत गेली. मी सगळीकडे पदरांची जाडी विचारत फिरलो होतो. ती म्हणाली, कडा कुणीपण शिवेल. टीप मधे गेली की उरलेली गोधडी मशीनच्या पोटात, सुईच्या उजवीकडच्या कमानीत, मावली पाहिजे, तेव्हा एक बाजू गुंडाळून तिथून घालून बघायची. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. विजेची तिला नको होती, कारण ती पळते आणि एका हाताने कापड धरवणार नाही. पायाची चालवायला पाय नाही.

म्हटलं, पण शिवायला मी बसणार आहे.

"आनि मी काय करू? बगत बसू?" ती म्हणाली. "हाताची आना. हँडल उजवीकडं असतं, ते तुमी फिरवा. कापड मी डाव्या हातानं सरकवीन. कसाऱ्याला घाटात गाडीला मागनं इंजिन लावायचे ना? ते निस्तं ढकलतं, वाट पुढचा बगतो. तसं तुमी ढकला."

दोन दिवसांनी आम्ही रिक्षा करून मुरबाडला गेलो. तिथे जुन्या मशीन दुरुस्त करून विकणारा एक म्हातारा कारागीर होता. त्याने आम्हाला बसायला स्टूल दिलं आणि मला विचारलं, "वहिनींना कशासाठी पाहिजे?"

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "समोर बसल्यात. त्यांना विचारा."

म्हातारा ओशाळला, पण तिच्याकडे वळला. मग तिने त्याला अर्धा तास सोडलं नाही. तीन मशीनच्या पोटातून गुंडाळी घालून बघितली, दोन नापास केल्या. तिसरीला तिने जाड सुई घालायला सांगितली. गोधडीवर चार टाके मारून घेतले, उलट बाजू डोळ्यांजवळ नेऊन खालचा दोरा तपासला आणि मगच मान हलवली. मी मशीन उचलून रिक्षात ठेवली. माझं काम तेवढंच होतं.

घरी रोज दुपारी बसायचो. ती समोर, मी तिच्या उजव्या हाताला हँडल धरून. जोरात फिरवलं की ओरडा, हळू फिरवलं की ओरडा. माझं लक्ष सुईकडे गेलं तरी चालायचं नाही. एके ठिकाणी टीप वाकडी गेली. लेक आल्यावर तिची नजर आधी तिथेच गेली, आणि तिच्या आईने माझ्याकडे बोट दाखवलं. ती चूक कापड सरकवणाऱ्याची आहे, फिरवणाऱ्याची नाही, हे मी अजून सांगतो. माझं कोण ऐकतं.

फेरे आत येत येत शेवटी मधे बोटभर जागा उरली. मी हँडल धरून तिच्या हुकमाची वाट बघत होतो. तिने कापड हनुवटीने दाबून धरलं, डावा हात माझ्यापुढून लांब केला, माझी बोटं हँडलवरून बाजूला केली आणि शेवटचा टाका स्वतः फिरवून घातला.

मला विचारलंसुद्धा नाही.