शोकेसमधली बाटली

किहीमच्या रस्त्यावर सध्या जांभळं पडून सडताहेत. चाकांखाली त्यांचा लगदा होतो, ऊन चढलं की आंबूस वास सुटतो आणि त्या वासानं माझ्या मनात आधी उठतो तो हेवा. एका बाटलीचा हेवा. हसू येईल तुम्हाला, पण सख्ख्या भावावर जळायची लाज वाटते म्हणून माणूस त्याच्या वस्तूवर जळतो.

दादा बोटीवर नोकरीला. एकदा सुट्टीवर येताना त्यानं बाबांसाठी लाल वाइन आणली. मोल्दोव्हा नावाच्या, आमच्या गावात कुणी न ऐकलेल्या देशातली. तीन जातींच्या द्राक्षांची, लाकडी पिंपात काही वर्षं आधीच मुरलेली. बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, खिडकीसमोरच्या शोकेसमध्ये उभी केली आणि आल्यागेल्याला सांगू लागले, "मोठ्यानं आनलीय. जितकी जुनी व्हईल तितकी भारी." रोज संध्याकाळी मावळतीचं ऊन त्या काळ्या काचेवर यायचं तेव्हा बाबा ओट्यावरून वळून बघायचे. त्याच वेळी मी स्कूटरच्या हुकाला कॅन लटकवून त्यांची ताडी घेऊन यायचो. एक घोट घेऊन ते म्हणायचे, "आज आंबट हाय." माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच.

दसऱ्याला आमच्याकडे कोयत्यापासून पाट्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल मिळतं. माझ्या स्कूटरची पूजा मीच करायचो. बाटलीला मात्र फूल बाबा स्वतःच्या हातानं वाहायचे. दादानं फोनवर किती वेळा सांगितलं, की ती आडवी ठेवा, बूच सुकेल. बाबांचं उत्तर ठरलेलं, "आडवी केली तं फूल कुठं ठेवू?" त्या फुलासाठी मी किती जळलो, ते माझं मला ठाऊक.

बाबा गेले, त्या वर्षी पितरांच्या पंधरवड्यात दादा घरी होता. गेलेल्या माणसाच्या पानाशेजारी त्याच्या आवडीचं पेय ठेवायची आमची रीत. दादानं बाटली काढली. बुचाचा भुगा झाला आणि घरभर जांभळांच्या लगद्याचा वास पसरला. त्यानं थेंबभर चाखलं. वाइनचा नुसता आंबट शिरका झालेला. बाटली हातात धरूनच त्यानं खालच्या आवाजात मला विचारलं, "बाबा काय प्यायचे रं?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. या एका क्षणासाठी मी वर्षानुवर्षं थांबलो असेन, आणि मला आनंद झालाही. मी कॅन उचलला, ताडी आणली, ग्लास मीच भरला, मीच पानाशेजारी ठेवला. दादाच्या हातात दिला नाही.

तो बाटली फेकायला निघाला, तेव्हा मात्र मी ती काढून घेतली, धुतली आणि पुन्हा शोकेसमध्ये उभी केली. दसऱ्याला तिला फूल आता मी वाहतो आणि वाहताना अजूनही जळतो. संध्याकाळची ताडी संध्याकाळीच संपते. मी आणलेली सगळी ताडी बाबा पिऊन गेले. तिचं घरात काही उरलं नाही. दादाचं उरलं, कारण ते त्यांनी कधी तोंडाला लावलंच नाही. कॅन तेवढा स्कूटरच्या हुकाला आहे. या जांभळांच्या रस्त्यानं घरी येताना तो रिकामाच वाजत असतो.