हळू चाला, किसनभाऊ

आमच्या सेंटरच्या कोपऱ्यात मोडक्या पायांचं एक पोतं असतं. कृत्रिम पाय बसवायचं काम जिथे चालतं तिथे असं पोतं साठतंच. भरलं की ते भंगारात जातं. किस्से मात्र भंगारवालाही घेत नाही, ते माझ्याच डोक्यात पडून राहतात. आज त्यातले थोडे तुमच्या गळ्यात मारते.

सेंटर ओतूरला, एसटी स्टँडच्या मागे. मी पाय बनवते, आणि जुन्नरचे रशीदभाई पट्ट्यांचं, चामड्याचं बघतात. दिवसभर माझ्या तोंडात एकच वाक्य असतं, "हळू चाला." सावकाश चाललं तर पायावर साधारण आपल्या वजनाइतका भार येतो. झपाझप चाललं की टाच आपटते, भार वजनाच्या वर जातो, पाऊल पुढे ढकलताना तो पुन्हा वाढतो. आणि हे दणके कोण खातं? सॉकेटच्या वाटीत बसलेल्या उरल्यासुरल्या पायाची कातडी! हे मी प्रत्येकाला सांगते. प्रत्येक जण मान डोलावतो आणि बाहेर पडून पळत सुटतो.

*

डोंगराकडच्या वस्तीवरचे एक आजोबा. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पळायचं न्हाई म्हणता, मंग उसातनं बिबट्या आला तर?"

रशीदभाई पट्टा शिवता शिवता म्हणाले, "तो पाय त्याला देऊन टाका, चाचा. बसंल चावत."

आजोबांना ते पटलं. निघण्याआधी त्यांनी पाय पटकन काढता येतो की नाही, ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं!

*

शिनोलीच्या सुमनताई अंगणवाडीत असतात. त्यांचा पाय मांडीतून गेलाय. त्यांना दिलेला गुडघा साधा, एकाच चालीला बेतून घट्ट किंवा सैल करायचा. त्याहून जोरात चाललं तर खालचा पाय मागे रेंगाळतो, हळू चाललं तर आधीच पुढे येऊन आदळतो.

"कुठल्या चालीला लावू?" मी विचारलं.

"आमच्या सासूबाईंच्या. बाजाराला त्यांच्यासंगंच जाते मी."

मग सासूबाईंना बोलावलं, पॅसेजमध्ये चालवलं आणि सुनेचा गुडघा त्यांच्या चालीला लावला. पुढे सासूबाई थकल्या. ताई आल्या, "जरा हळू करून द्या." दिला. त्यानंतर आल्या तेव्हा सासूबाई वारल्या होत्या. हातात पाना घेऊन मी विचारलं, "आता कुणाच्या चालीला?"

ताईंनी माझ्या हातातला पाना काढून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "राहू द्या हाय तसाच."

*

हे सगळे एकीकडे आणि डिंगोऱ्याचे किसनभाऊ एकीकडे.

साखरेच्या आजारात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. सर्जननी बजावलं होतं, "गुडघा वाचलाय, तो जपा. सॉकेटमध्ये जखम झाली तर गुडघ्याच्या वरून कापावं लागेल." साखरेमुळे कातडीला जाणीव कमी, म्हणजे जखम झाली तरी कळणार नाही. गुडघा असला की माणूस शेताच्या बांधावर चढतो. गुडघा गेला की दारातली पायरीसुद्धा परकी होते.

आमच्याकडे किसनभाऊ असे चालायचे, की मुलगी दाखवायचा कार्यक्रम चाललाय! नजर खाली, पाऊल हलकं. त्या चालीवर आम्ही पाय जुळवून दिला. बाहेर एसटी सुटत होती. भाऊ धावले. बसच्या पायरीशीच घोट्यात मोडून खालचं पाऊल सुटलं.

कंडक्टर ओरडला, "ओ पावणं, तुमचा पाय खाली राह्यला!"

आतून भाऊंचा आवाज, "राहू दे. तू बेल मार."

त्यांच्या मागून आलेल्या कांताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते पाऊल उचललं, पिशवीत टाकलं आणि त्या बसमध्ये चढल्या.

*

एसटीचं जाऊ द्या, ती कुणालाही पळवते. भाऊंच्या घाईचं खरं कारण मागून चालत असायचं. गड्यानं पुढं, बाईनं मागं, ही त्यांच्या घरची रीत. कांताबाईंची चाल उपजतच झपझप. मागे चपला जवळ वाजल्या की भाऊ वेग वाढवायचे.

मी म्हटलं, "त्यांना जाऊ द्या की पुढे."

"बायकोच्या मागं चालू? गावात तोंड दावायचंय मला."

"मग बरोबरीनं चाला," रशीदभाई म्हणाले. भाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की रशीदभाईंनी सुई पुन्हा ओवायला घेतली.

मग मी कांताबाईंना बाजूला घेतलं. "तुम्ही तरी हळू चाला ना."

"अवो मॅडम, मी थांबते बी. चपला वाजल्या न्हाईत का हे मागं वळून वरडत्यात. वाजल्या का पळत्यात. आता मी करू तरी काय?"

*

जखम झाली. दुखली नाही, पण दिसली, आणि भाऊंनी ती लपवली. कांताबाई त्यांना धरून घेऊन आल्या तेव्हा सॉकेटच्या आतला मोजा कातडीला चिकटलेला होता. वास मला दारातच आला. मी भाऊंवर ओरडले, मग आत जाऊन रडले.

गुडघा गेला. सगळ्यांना सगळं माहीत असताना गेला. बिबट्यानं नेला असता तर निदान पेपरात आलं असतं. हा गेला नवराबायकोतल्या दोन पावलांच्या अंतरासाठी. हे काम करून काही उपयोग नाही असं मला त्या दिवशी वाटलं. आजही अधूनमधून वाटतं.

*

गेल्या आठवड्यात भाऊंना मांडीपासूनचा पाय बसवला. पॅसेजमध्ये काठी घेऊन पहिल्यांदा चालायचं होतं. वाळले होते, पण हुकूम तोच, "ये गं मागनं."

भाऊंनी एक पाऊल टाकलं. कांताबाईंनी एक टाकलं आणि त्या थेट त्यांच्या पाठीशी आल्या. चपलेचा आवाज ऐकून भाऊंनी घाई केली, गुडघा दुमडला, मी आणि रशीदभाईंनी त्यांना काखेत धरलं.

"पुन्हा," भाऊ म्हणाले.

त्यांना पुन्हा दाराशी आणून उभं केलं. या वेळी ते हळू निघाले. काठी, पाय, थांबणं. मागे चपला वाजत होत्या, एकसारख्या, दमादमानं, ना जवळ ना लांब. मी भाऊंच्या बाजूनं चालत होते. मध्येच मागे पाहिलं.

कांताबाई दारातच उभ्या होत्या. चौकट धरून, जागच्या जागी, एक पाय उचलून ठेवत होत्या, मग दुसरा.

भाऊ पॅसेजच्या टोकाला पोचले. भिंतीला हात टेकला. मागे न वळता त्यांनी विचारलं, "दमलीस का गं?"

"व्हय," कांताबाई दारातून म्हणाल्या. "थांबा जरा. लई पुढं गेला तुमी."