माग थांबला होता तेव्हा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. आईला नाही, ज्याच्याशी लग्न ठरले आहे, त्यालाही नाही. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर चुका शोधते — उपकरणांतल्या, नमुन्यांतल्या, इतरांच्या निष्कर्षांतल्या. ही एक मात्र कोणत्याही नोंदवहीत नाही. आणि तिला चूक म्हणणे हीसुद्धा पळवाटच — कारण मी ते समजून-उमजून केले.

मी बोरगावची. पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन वर्षे बेळगावात, वडगावला मावशीकडे राहिले. शेजारच्या घरात साड्यांचे दोन यंत्रमाग होते आणि त्या घरात वैजू होती. मी सायन्सला, ती आर्ट्सला. इंग्रजीच्या तासाला मात्र एका बाकावर. आम्हाला अभ्यासाला एक इंग्रजी कादंबरी होती. दोन भटके मजूर, एकमेकांवाचून कुणी नसलेले. कुठेतरी स्वतःचे घर बांधायचे, एवढे एकच स्वप्न. शेवटी त्यांतला हुशार मित्र दुसऱ्याला कामावर पाठवतो आणि एकटाच निघून जातो.

खडेबाजारातून दोघींत मिळून एक जुनी प्रत आणली. वैजू सूत गुंडाळून मागासाठी कांड्या भरायची. मी वाचून अर्थ सांगायची. अर्थ — म्हणजे शब्दांचा. उरलेला ती सांगायची. स्वप्नाचे बोलणे निघाले की त्या पानात ती पिवळा धागा ठेवी. कुणी एकटे पडले की निळा. मी ते धागे मोजले, आलेख काढला — पिवळे घटत जातात, निळे वाढतात — आणि वर्गात तो माझा म्हणून मांडला. टाळ्या पडल्या. पण मला सांगायचे आहे ते हे नव्हे. एवढेच असते तर हे लिहायला मी बसलेच नसते.

टाळ्या थांबल्यावर वैजू उठली. मोडक्या इंग्रजीत सुरुवात केली, ती मध्येच मराठीवर आली. "मॅडम, त्यो सोडून गेला, जाऊ दे. पर त्याला एकदा इचारायचं तरी हुतं की!"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. ही कादंबरी या वर्गात एकीनेच वाचली आहे, असे त्या म्हणाल्या आणि वैजूकडे पाहत राहिल्या. त्या क्षणी माझ्यात जे उठले त्याचे नाव आज मी अचूक सांगू शकते — मत्सर. तेव्हा मी त्याला वास्तवाचे भान म्हणत होते. परीक्षेतही लिहिले, की निघून जाणारा मित्र क्रूर नव्हे, व्यवहारी आहे. पैकीच्या पैकी गुण मिळाले.

आमचेही एक स्वप्न होते. धारवाडला एक खोली घ्यायची. मी बीएस्सी करायची, तिने इंग्रजी घेऊन बीए. खिडकीपाशी कुणाचे टेबल, हेसुद्धा ठरले होते. तिचे.

निकालानंतर एका दुपारी तिच्या वडिलांनी, आप्पांनी, मला हाक मारली आणि दोन्ही माग बंद केले. मागाचे घर ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना सांगते — बोलण्यासाठी तिथे कुणी माग बंद करत नाही. पाहुणा आला तरी ओरडूनच बोलतात.

"ती गेली तर हात कमी पडंल मला, ते मी बघतो," आप्पा अगदी हळू म्हणाले. "पर तिला झेपंल का गं तिथलं? मला काय कळतंय त्यातलं! तू सायन्सवाली, खोटं न्हाय बोलायचीस."

तिला झेपणार होते. हे माझ्याइतके कुणाला ठाऊक होते?

"न्हाय झेपायचं, आप्पा. नापास झाली तर लई खचंल. तिच्या भल्याचंच सांगतीय."

आणि हे मी ओरडून म्हणाले. दोन वर्षे त्या घरात मी तशीच बोलत आले होते, मागावर आवाज चढवून. माग थांबले आहेत, हे माझ्या घशाला कळलेच नाही. आतल्या खोलीत वैजूचे कांडी भरण्याचे यंत्र फिरत होते. ते थांबले. किती वेळ — मी, सगळे मोजणारी मी, तेवढे मोजले नाही. मग ते पुन्हा सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी वैजूने कादंबरी आणून दिली. "ने तुला. मला काय करायचीय?" पानांत एकही धागा नव्हता. तिने विचारले नाही. मी सांगितले नाही. धारवाडला खिडकीपाशी मी बसले.

लहान होते म्हणू? घाबरले होते म्हणू? दोन्ही खोटे ठरेल. मला सगळे कळत होते.

गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेले. आप्पा आता थकले आहेत. एकच माग उरला आहे, तो तीच चालवते. "कवा आलीस गं?" तिने ओरडून विचारले, पायानेच स्टूल पुढे सरकवले. मी काहीतरी बोलले. ते खडखडाटात विरून गेले. इतक्यात धागा तुटला. तिने माग थांबवला, गाठ मारली. घर एकदम शांत झाले. गाठ झाली तरी तिचा हात मागाच्या बटणाकडे गेला नव्हता — ती माझ्याकडे पाहत होती.

मी बोलले नाही. तिने माग चालू केला.