भट्टीआधी काय खाल्लं?

आमच्या धंद्यात केर टाकत नाहीत. दुकान झाडलं की धूळ, राख, फुटक्या मुशींचे तुकडे, सगळं डब्यात भरून ठेवायचं. पुढे कधीतरी ते गाळलं की त्यातूनही सोनं निघतं. किस्स्यांचं तसंच आहे. रोज थोडे सांडतात, तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. मग एक दिवस बघावं तर डबा काठोकाठ!

आम्ही गलाईवाले. जुने दागिने आणि सोनारांकडचा चुरा वितळवून शुद्ध सोनं काढून देतो. विट्याकडची माणसं या कामासाठी देशभर पांगली आहेत. माझा दादा कोलकात्यात बागबाजारला आला. खाली दुकान, वर खोली. दादाला जाऊन महिना होऊन गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण त्याचा एक किस्सा सांगतो. बाकीचे हसतात, मीही हसतो. मग वर वहिनीला ऐकू गेलं असेल हे आठवतं आणि मी खाली मान घालून बसतो.

आणि गंमत बघा, दादाचे सगळे किस्से सकाळच्या खाण्याचे!

* * *

शाळा माझ्याच्यानं झाली नाही. आठवीनंतर गावात नुसता हुंदडत होतो. मिसरूड फुटल्यावर दादानं मला इकडं आणलं.

पहिल्याच सकाळी वहिनीनं वरच्या व्हरांड्यातून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. टोपलीत कापडात बांधलेला मोठा डबा. त्यात सगळ्यांचं खाणं. इथं गल्लीत भाजी, पेपर, औषधं, सगळं असंच टोपलीतून चढतं-उतरतं. मी नवीन, त्यात गावाची आठवण येत होती. डब्याला हात न लावता भट्टीपाशी जाऊन उभा राहिलो.

दादानं चिमटा हातात घेतला आणि विचारलं, "खाल्लं?"

"खाल्लं!"

"काय खाल्लं?"

आपल्याकडं सकाळी दुसरं काय असणार? मी ठोकून दिलं, "पोहे!"

दादानं चिमटा खाली ठेवला. "आज उप्पीट होतं, बाळ्या."

त्या दिवशी मला पायरीवर बसवून सगळ्यांसमोर उप्पीट खायला लावलं. दादाचं म्हणणं एकच. रिकाम्या पोटाचा माणूस भांडखोर होतो आणि भांडखोर माणसाच्या हातून वितळलेल्या सोन्याची मूस पडते. तेव्हापासून तो नुसतं "खाल्लं?" कधी विचारत नसे. "काय खाल्लं?" असंच विचारायचा. पदार्थाचं नाव बरोबर आलं तरच भट्टी पेटायची. मग काम आमच्या हाती देऊन तो वर जायचा. वहिनी त्याच्याशिवाय खायची नाही, थांबलेली असायची.

* * *

आमच्याकडं कामाला पोपट आहे. सोन्यासारखा माणूस, फक्त सोमवारी नाही. सोमवारी त्याचा कडक उपास. पाणीसुद्धा मोजून. अशाच एका सोमवारी एका सोनाराचा माणूस आला आणि म्हणाला, "जरा लवकर होईल का?"

पोपट म्हणाला, "लवकर पाहिजे? मग हे घे आणि गंगेत टाक. लगेच होईल!"

गिऱ्हाईक निघून गेलं. दादा रागावला नाही. फक्त म्हणाला, "पोपट, सोमवारी तू भट्टीला हात लावायचा नाहीस."

"दादा, उपास देवासाठी आहे!"

"मग देवळात भट्टी लाव."

पुढच्या सोमवारी टोपलीतून पोपटासाठी वेगळी साबुदाण्याची खिचडी उतरली. वर दाण्याचं कूट, बाजूला दही. ती खाऊन पोपट इतका गोड झाला की जाणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "बसा की अजून!"

* * *

शेजारच्या गाळ्यात हरूदा. बंगाली कारागीर, केसासारख्या बारीक तारेचं काम करतो. त्याचं सकाळचं खाणं म्हणजे मूठभर मुडी आणि मातीच्या कपातला चहा. मुडी म्हणजे आपले चुरमुरे. दादाला ते बघवायचं नाही.

"हरूदा, हे चिमण्यांचं खाणं! यावर नजर कशी ठरते तुमची?"

हरूदा तारेवरून मान वर न करता त्याच्या हिंदीत म्हणाला, "पूर्वी तुम्हा मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला आमच्या लोकांनी इथंच खंदक खणला. तरी आलात. आता आमच्या मुडीलाही नावं ठेवता?"

पैज लागली. आमच्याकडून पोपट, तिकडून हरूदा. खाणं झालं की बारीक तारेची कडी करून तिच्यात दुसरी कडी ओवायची. दादानं ईर्ष्येनं पोपटाला भाकरी, पिठलं, ठेचा, वर ताक, असं रांगेनं चढवलं. हरूदानं मुडी फुंकून फुंकून खाल्ली.

हरूदाची साखळी बोटभर झाली तरी पोपटाची पहिली कडी होईना. आम्ही वाकून बघितलं. पोपट चिमटा धरून बसल्या बसल्या झोपला होता!

दादा हरला. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी जड खाणं बंद, बहुतेक पोहेच. म्हणाला, "चूक माझी. मूस काठोकाठ भरायची नसते, हे मला कळायला पाहिजे होतं."

मुडी मात्र त्यानं शेवटपर्यंत तोंडात घातली नाही.

* * *

रविवारी भट्टी बंद. त्या दिवशी दादा स्वतः कचोरी आणि जिलबी आणायला जायचा. "आज डोकं चालवायचं नाही, तेव्हा आज तळलेलं चालेल," हा त्याचा हिशोब.

एका रविवारी तो कचोरीच्या रांगेतच खाली बसला. पुन्हा उठला नाही.

आता पुढचा किस्सा मी कुणाला सांगत नाही. पोपट सांगायला लागला की मी उठून जातो.

घाटावर आमचा नंबर यायचा होता. रांग होती तिथंही. आम्ही पायऱ्यांवर बसलेलो, कुणी बोलत नव्हतं, आणि माझं पोट वाजलं. हळू नाही, चांगलं लांबलचक. सगळ्यांनी ऐकलं. माझा सख्खा भाऊ समोर पांढऱ्या कापडात, आणि मला भूक लागली होती! कचोरीचीच लागली होती, हेही सांगून टाकतो.

हरूदानं रुमालाची पुरचुंडी सोडून माझ्यापुढं धरली. मुडी. म्हणाला, "खा. कोण गेलं ते पोटाला कळत नाही."

मी त्याचा हात झटकला. मुडी पायरीवर सांडली आणि कुठून कोण जाणे, कावळे आले. भराभर सगळी टिपली.

पोपट माझ्या कानाशी रडत रडतच म्हणाला, "पिंड ठेवायच्या आधीच शिवला रे. दादाला शेवटी मुडी आवडली!"

आणि मी हसलो. मोठ्यानं. घाटावर. लोकांनी वळून बघितलं. वहिनी तिथं नव्हती, एवढंच.

* * *

त्या दिवसापासून मी ठरवलं, सकाळी पोटात काही घालायचं नाही. ज्या पोटानं लाज आणली त्याला शिक्षा. वर सांगायचं, "खाली खातो." खाली सांगायचं, "वर खाल्लं." टोपली उतरली की डबा तसाच बांधलेला हरूदाकडं सरकवायचो. "वहिनीनं तुमच्यासाठी पाठवलाय." पोपटानं बघितलं आणि तोही खाईना. "मालक उपाशी, मग मी कसा खाऊ?" मी काय मालक? पण तो ऐकेना. त्यामुळं आमच्याकडं आठवडाभर सोमवार!

व्हायचं तेच झालं. एका सकाळी दोन सोनारांचं सोनं मी एकाच मुशीत ओतलं. गलाईवाल्यानं करू नये अशी एकच चूक असेल तर ही. एरवी पोपटानं ती लांबून पकडली असती, पण पोपट भट्टीकडं बघत दुसऱ्याच जगात होता. दोन्ही सोनार दारात येऊन ओरडायला लागले, तर मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडलो. शेवटी हरूदा मध्ये पडला. वजनं आधीच लिहिलेली होती, त्यावरून कसंबसं मिटलं. जाताना तो मला म्हणाला, "लग्न लावून मोकळा झालास, काडीमोड मला करायला लावलास!"

वहिनीनं वरून सगळं ऐकलं होतं. रात्री म्हणाली, "हे दुकान तुमच्या दादांच्या शब्दावर चालायचं. तुमच्या आरडाओरड्यावर नाही चालणार. असंच असेल तर विकू आणि गावी जाऊ."

मी म्हणालो, "मग जाऊ!"

बोलून गेलो. वहिनीनं माझं ताट वाढलं. त्या ताटाकडं बघायलाही मला जड गेलं. दादानं कोलकात्यात उभं केलेलं एवढं एकच होतं आणि मी ते एका शब्दात मोडीत काढलं होतं.

* * *

चार दिवसांनी हरूदाला जिन्यात वहिनी भेटली. मी मागून पाण्याची कळशी घेऊन येत होतो. हरूदा हात जोडून म्हणाला, "बौदी, तुमचे पोहे म्हणजे फर्स्ट क्लास! रोज सकाळी पूर्ण डबा खातो. मुडी सुटली माझी. बघा, शर्टाची बटणं लागत नाहीत!"

बौदी म्हणजे वहिनी. पण त्या क्षणी आमची बौदी हरूदाकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

"बरं," एवढंच म्हणाली आणि वर गेली.

* * *

दुसऱ्या दिवशी टोपली नेहमीच्या वेळेला उतरली. डबा, कापडाची गाठ, सगळं नेहमीसारखं. मी तो न उघडता हरूदाकडं सरकवला आणि चिमटा हातात घेतला. पोपट भट्टीच्या ब्लोअरपाशी गेला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वहिनी कधी दुकानात उतरत नाही. ती आली, दादा बसायचा त्या रिकाम्या स्टुलापाशी उभी राहिली आणि पदर खोचून दादाच्याच आवाजात विचारलं,

"काय खाल्लं?"

पोपट घाबरून म्हणाला, "पोहे!"

मी म्हणालो, "पोहे."

आणि दारात हरूदा. हातात उघडा डबा, चेहरा सोमवारच्या पोपटासारखा.

"बौदी, आज डबा रिकामा आला!"

पोपटानं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. कुठं तोंड लपवावं कळेना. आणि मला कधी गप्प बसता येत नाही, म्हणून तोंडातून निघून गेलं,

"वहिनी, तुम्ही काय खाल्लं?"

तिनं त्या स्टुलावरची राख हातानं पुसली. मग म्हणाली,

"पोहे."