भगवंताला घातलेली शपथ

लोणी गाव मागं पडून बराच वेळ झाला होता आणि अवसरी अजून नजरेच्या टप्प्यातही नव्हती. भगवंत हँडल धरून बंद पडलेली मोटरसायकल ओढत होता, अंजना मागून कॅरिअर ढकलत होती. चढ आला की दोघंही गप्प. उतार लागला की अंजनाला तोंड फुटायचं.

"आमचा ज्ञानेश्वर सांगत व्हता, भावजी, मंचरला गॅरेजमधी दाखवा. माझ्या माहेरच्या ओसरीवर बसून काय म्हणालात? 'माझ्या गाडीचं दुखणं मला कळतं.' कळलं का?"

"कळत आलं व्हतं," भगवंत मान न वळवता म्हणाला. "तेवढ्यात तू शपथ घातली."

ते खरंच होतं. गाडी रस्त्यात बंद पडली तेव्हा भगवंत आधी खूशच झाला होता. बाह्या सरसावून त्यानं प्लग काढला, पुसला, फुंकला, परत लावला. गाडी ढिम्म. मग तो पाना घेऊन कार्बोरेटरकडं वळला आणि अंजनाचा धीर सुटला.

"खंडोबाची शपथ हाय तुमाला! आजपासनं ह्या गाडीचं काय खोलाल, उघडाल, पाना लावाल तर बघा!"

दुसरा कुणी असता तर हसून काम चालू ठेवलं असतं. भगवंतानं पाना पिशवीत टाकला. आईनं शपथ घातल्यापासून त्यानं तंबाखूच्या पुडीला हात लावला नव्हता, आणि आईला जाऊनही कैक वर्षं झाली होती. शपथ म्हणजे त्याच्या लेखी दगडावरची रेघ. आजची शपथ तर त्याच्या सगळ्या रविवारांवर पडली होती.

आठवडाभर तो डेअरीत दुधाची फॅट मोजायचा. तिथं त्याच्याशी कुणी धड बोलत नसे. फॅट कमी लागली की लोक त्याच्याकडंच संशयानं बघायचे. पण रविवारी शेवग्याखाली गोणपाट अंथरून तो बसला की वेगळाच माणूस व्हायचा. आधी टाकीचं टोपण उघडून बॅटरीच्या उजेडात आत बघणार, वास घेणार. मग अंजनाच्या लाटण्याचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून, डोळे मिटून म्हणणार, "टॅपेट वाजतंय." कार्बोरेटर तिच्या दुधाच्या पातेल्यात उकळून निघायचा. जोडताना उरलेले नट हरवू नयेत म्हणून देव्हाऱ्यात ठेवायचे. एकदा चष्मा नसताना अंजनानं देवांच्या टाकांबरोबर एका नटालाही दुधानं अंघोळ घातली, गंध लावलं. भगवंत म्हणाला, "ऱ्हाऊ दे. गंजणार न्हाई."

गाडीचं हे नवं दुखणं चंपाषष्ठीनंतर सुरू झालं. चार-पाच किलोमीटर चालायची, मग आचके देत बंद. घरी ढकलत आणली, की रविवारी हा काहीतरी काढून घालणार, आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू! एका रविवारी प्लगला श्रेय मिळालं, पुढच्या रविवारी कार्बोरेटरला, मग कॉइलला. "घरी शहाणी, रस्त्यावर येडी," अंजना म्हणायची. "अगदी तुमच्यासारखी. नुसतं उलटं."

एरवी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकून 'हिची चेन सैल हाय' असं काहीतरी पुटपुटणारा माणूस, उसाचा ट्रॅक्टर खडखडत गेला तरी आज खाली मान घालून चालत होता. ते बघून अंजनाला जरा चुटपुट लागली. पण पायातली चप्पल चावत होती, त्यामुळं चुटपुट फार टिकली नाही.

तेवढ्यात मागून दुधाचे कॅन वाजवत गावातले गेणभाऊ आले आणि गाडी हळू करून म्हणाले, "काय भगवंतराव, गाडीला पाय मोकळे करायला आणलंय का?"

"बंद पडली."

"पेट्रोल हाय का?"

स्वतःला मिस्त्री समजणाऱ्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. भगवंताची कानशिलं लाल झाली. "सकाळी निघताना भरलंय."

"बघा तरी उघडून."

भगवंतानं अंजनाकडं बघितलं. "मला शपथ हाय."

"मला न्हाई," असं म्हणून अंजनानं चावी फिरवली आणि टाकीचं टोपण उचललं.

सूंऽऽऽक!

"हाय की पेट्रोल," अंजना म्हणाली.

"मग कचरा आला आसंल," असं म्हणून गेणभाऊ कॅन वाजवत निघूनही गेले.

भगवंत मात्र जागीच उभा होता. लाटण्याला कान लावल्यावर व्हायचा तसा त्याचा चेहरा झाला होता.

"तू आयकलं? टाकीनं श्वास घेतला." मग एकदम घाईनं, "बटण दाबलं तर चालंल का? बटण म्हंजी काय उघडणं न्हाई."

"दाबा."

गाडी चालू झाली. गुरगुरत, जणू कधी काही झालंच नव्हतं.

"अगं, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडतं का? हवा जायला दुसरं पाडावं लागतं. तसं टोपणाला बारीक भोक असतंय. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत न्हाई. मी दर रविवारी आधी टोपण उघडायचो, तिथंच गाडी बरी व्हायची, आन् मी आपला प्लगचे उपकार मानत बसायचो! बघ, फुंकून बघ."

अंजनानं टोपणाला तोंड लावून गाल फुगवले. हवा जाईना. मग तिनं बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि भोक कोरायला लागली. आतून एक पिवळा, तेलकट खडा निघून तिच्या तळहातावर पडला.

तो भंडारा होता.

चंपाषष्ठीपासून दर रविवारी, भगवंत शेवग्याखालचा पसारा आवरून हातपाय धुवायला गेला की, अंजना तेलात कालवलेल्या भंडाऱ्याचं बोट गाडीला लावत होती. आधी दिव्याला लावायची. काच खराब होते म्हणून हा ओरडला, तेव्हा टोपणावर लावायला लागली. धनी सुखरूप घरी यावा, एवढंच मागणं. धनी यायचा सुखरूप. पायी यायचा.

ती मान वर करीना. आता हा बोलणार, ज्ञानेश्वरला सांगणार, सगळ्या आळीत सांगणार.

भगवंतानं तिच्या हातावरचा खडा चिमटीत घेतला, कुस्करला आणि आधी स्वतःच्या कपाळाला लावला, मग तिच्या. "देवाचं हाय," म्हणाला. "रस्त्यावर टाकू नये."

अंजनानं टोपण दाबून बसवलं. गाडी चालूच होती. ती पदर खोचून मागं बसायला आली, तरी हा आपला हँडल धरून बाजूलाच उभा.

"बसा की. अंधार व्हायच्या आत पोचू."

"बसतो." त्यानं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा पिशवीतल्या पान्याकडं, आणि मग फॅट कमी लागली हे शेतकऱ्याला सांगताना जेवढ्या हळू आवाजात बोलायचा तेवढ्याच हळू म्हणाला,

"ज्यानं घातली त्यानंच सोडवावी लागती, अंजे. तेवढं सुटली म्हण."