नसीमचा कोरा जोड

भारताच्या महिला बास्केटबॉल संघाचा इतिहास कोणी लिहायला बसलंच, तर त्यात नसीमचं नाव सापडायचं नाही. लिहिणारे बारा नावांवर थांबतात आणि नसीम होती तेरावी. तशी त्या बारा जणींची नावं तरी कोणाला ठाऊक आहेत म्हणा! सत्तरच्या दशकात पुण्यात कोणाला सांगावं, की भारताचा मुलींचाही संघ आहे, तर "असं का? बरं बरं," म्हणून माणूस पुन्हा भाजी निवडायला लागायचा.

आज सत्तरी ओलांडलेली नसीम येरवड्यात राहते. मुलींच्या शाळेत खेळ शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं. आवाज अजून इतका खणखणीत, की तिने गॅलरीतून नातवाला हाक मारली तर रस्त्यावरचा रिक्षावाला उगाच ब्रेक दाबतो. पण ही बाई काय चीज आहे हे कळायला तिच्या बाविसाव्या वर्षात जायला हवं.

तेव्हा तिच्या अब्बांचं, जब्बारमियांचं, कॅम्पात बुटांचं छोटंसं दुकान होतं. पोरगी अर्ध्या चड्डीत खेळते म्हणून नातेवाईक नाकं मुरडत, आणि जब्बारमियां त्यांच्या पायांकडे बघून "टाच झिजलीय तुमची," एवढंच म्हणत. मात्र त्यांनी मुलीलाही एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. तिचं लग्न ठरलं होतं त्या इम्तियाजच्या घरचे पुष्कळ थांबले होते, आता आणखी थांबवणं बरं दिसलं नसतं. म्हणजे भारताकडून खेळायचं ते याच वर्षी. योगायोगाने दौऱ्यासाठी संघ निवडायचं शिबिर पुण्यातच भरलं. अब्बांनी तिला कॅनव्हासच्या बुटांचा नवा कोरा जोड दिला. तिने तो दौऱ्यावरच घालायचा म्हणून खोक्यात जपून ठेवला.

त्याच शिबिरात कोथरूडची शकू आली. कोथरूडात तेव्हा सोसायट्यांपेक्षा ज्वारी जास्त होती. अठरा वर्षांची ही उंच, सावळी पोरगी पहिल्याच दिवशी बूट दाराबाहेर काढून अनवाणी हॉलमध्ये आली.

"बूट कुठे आहेत?" प्रशिक्षक माधवराव गरजले.

"भायेर काढल्यात, सर."

"का?"

"आत खेळायचं हाय न्हवं?"

सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. मग शकू खेळली आणि सगळ्यांचं हसू जागच्या जागी विरलं. चेंडू हातात येतो न येतो तोच ती तो अशा ठिकाणी धाडायची, की तिथे कोणी मोकळं उभं आहे हे बाकीच्यांना नंतर कळायचं. माधवरावांनी मुकाट्याने दोनदा मान हलवली. माधवरावांची मान हलणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

पण स्पर्धेत अनवाणी कोण खेळू देणार? माधवरावांनी बूट घालायला लावले आणि तीच शकू दुसऱ्याचं झंपर घातल्यासारखी अवघडून गेली. पाय उचलेनात, पास चुकायला लागले. नसीमने तिला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा सगळा उलगडा झाला. शकूच्या शाळेला मैदान नव्हतं. मळणी उरकली की मास्तर तिच्या वडिलांच्या खळ्याच्या कडेला खांब रोवून वर कडं ठोकायचे, आणि पोरी तिथेच खेळायच्या. धान्य पडतं त्या जागी पायताण घालून जायचं नाही, हा घरचा दंडक.

"बूट घालून चेंडू धरला की वाटतं, आई मागं केरसुणी घेऊन हुबी हाय," शकू म्हणाली. "लई सांगते मनाला, ताई. पाय ऐकत न्हाईत."

माधवरावांनी तिला शनिवारच्या निवड सामन्यापर्यंत मुदत दिली. बूट घालून खेळता आलं तर ठीक, नाहीतर कोथरूडची बस.

आता गंमत बघा. अकरा मुली ठरल्यातच जमा होत्या. चेंडू वाटून खेळ रचणाऱ्या मुलीची एक जागा उरली होती, आणि तिच्यासाठी दोघीच होत्या, नसीम आणि शकू. नसीमने काहीच करायची गरज नव्हती. मूग गिळून शनिवारपर्यंत बसलं, की झालं. कोणी तिला नावं ठेवली नसती. मनातल्या मनात तिने दौऱ्याची बॅगसुद्धा भरली होती.

त्या संध्याकाळी ती दुकानात बसली होती. बराच वेळ खोकी इकडची तिकडे करून तिने विचारलं, "अब्बा, जो बूट रस्त्यावर उतरलाच नाही, त्याला पायताण म्हणायचं का?"

"रस्ता लागला की तो बूट," जब्बारमियां म्हणाले. "तोवर नुसता माल. का गं?"

तिने सगळं सांगितलं. उरलेली जागा एकच आहे, हेही सांगितलं. जब्बारमियां बराच वेळ फडक्याने एकच बूट पुसत राहिले.

"मोजेही दे तिला," शेवटी ते म्हणाले. "नवे."

बुटवाल्याच्या मुलीला माप नजरेनेच कळतं. दोघींचा पाय सारखाच होता. दुसऱ्या दिवशी नसीमने तो कोरा जोड शकूच्या हातात ठेवला. "याने रस्ता पाहिलेला नाही. पिशवीतून आणायचे, इथे घालायचे, इथेच काढायचे. रस्त्यासाठी तुझे जुने आहेतच."

शकूने बूट उलटे करून त्यांचे तळ पाहिले. "म्हंजे सोवळ्यातलं बूट?"

"सोवळ्यातले म्हण."

कॅम्पातल्या जब्बारमियांच्या लेकीने कोथरूडच्या पोरीला सोवळं घालून दिलं! पेठेतल्या एखाद्या शास्त्रीबुवांनी हे ऐकलं असतं तर त्यांचा चहा थंड झाला असता. पण शकूच्या पायांना ते पटलं. पहिल्या दिवशी ती चालली, दुसऱ्या दिवशी धावली.

शनिवारी दोघी समोरासमोर आल्या. शकूला रोखायचं काम माधवरावांनी नसीमलाच दिलं, आणि दान केलं म्हणून नसीमने खेळात तसूभरही सूट दिली नाही. दात-ओठ खाऊन, घामाने निथळत, गुडघा फुटेपर्यंत ती शकूसमोर उभी राहिली. तरी चेंडू तिच्या खाकेतून, डोक्यावरून, पाठीमागून जायचा तिथे जातच राहिला. संपल्यावर माधवरावांनी बारा नावं वाचली. बारावं शकूचं होतं. मग खाली बघत ते म्हणाले, "नसीम, राखीव." राखीव मुलीला दौऱ्यावर नेत नसत.

शकू रडतच तिच्या गळ्यात पडली. "ताई, तुमी गप बसला असता तर आज तुमी गेला असता."

"आणि तू कोथरूडात बसली आहेस, हे मला तिकडे रोज आठवलं असतं," नसीम म्हणाली. "जा, नाव सांगून ये घरी."

ती स्वतः मात्र गेली ती थेट दुकानात, आणि गिऱ्हाइकांची पर्वा न करता ढसाढसा रडली. जब्बारमियांनी दुकानाची फळी अर्धी ओढली, तिला पाणी दिलं आणि तिचं रडू ओसरेपर्यंत बसून राहिले.

"पोरगी खेळली कशी?" त्यांनी हळूच विचारलं.

नसीमने ओढणीने तोंड पुसलं. फुटलेल्या गुडघ्याकडे बघता बघता तिला हसू यायला लागलं.

"तिला कोणी अडवू शकत नाही, अब्बा," ती म्हणाली. "मी अडवून पाहिलं."