उपवासाचे दिवस वजा जाता

सहा महिन्यांच्या परदेशभ्रमंतीचा जेवणखर्च काढताना मी उपवासाचे सगळे दिवस वजा केले होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचणाऱ्याचा माझ्या शहाणपणाबद्दल गैरसमज व्हायला नको. सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, दोन्ही चतुर्थ्या, मधूनच डोकावणारा प्रदोष. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, एकेका तारखेभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढत गेले आणि गोल पडलेल्या प्रत्येक दिवसापुढे, पानाच्या पाठकोऱ्या बाजूला, जेवणाच्या रकान्यात शून्य मांडत गेले. महिन्याचा जवळजवळ निम्मा भाग असा फुकटात निघाला, तेव्हा आपल्या वाडवडिलांनी एवढी व्रतं का लावून ठेवली असावीत याचा उलगडा झाल्यासारखं वाटून मी एकटीच हसले. फेब्रुवारीचं कोवळं, पिवळसर ऊन पलंगावर आलं होतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी सुके बोंबील भाजत होतं, आणि त्या खमंग, उग्र, भूक चाळवणाऱ्या वासात बसून मी निराहाराचं अंदाजपत्रक तयार करत होते. तेव्हा मी तरुण होते. अठ्ठावन्न वर्षांची.

त्या तरुण बाईच्या डोक्यात हे खूळ कुठून शिरलं, ते मात्र मला नेमकं ठाऊक आहे. टेलिफोनच्या खात्यात तिची हयात गेली, तीही परदेशी कॉल जोडण्याच्या विभागात. कानावर ती जड पट्टी चढवायची, खुंट्या खोचायच्या आणि समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी अनोळखी बाईला म्हणायचं, मुंबई बोलतेय, जोडून द्या. बँकॉक, सायगॉन, हनोई, रंगून. ही नावं माझ्या कानात पावसाच्या लांबच्या गडगडाटासारखी उमटायची आणि विरायची. एकदा तर पलीकडच्या बाईच्या खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकू आली होती, आणि तिच्या खिडकीबाहेर एक पक्षी असा काही ओरडत होता की तसा पक्षी मी कोकणातही कधी ऐकला नव्हता. दुसऱ्यांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे आणि ते बोलू लागले की आपण बाजूला व्हायचं, हेच माझं काम. निवृत्त झाले तेव्हा हार घातला, श्रीफळ दिलं, आणि मी मुंबईच्या उपनगरातल्या केबिन रोडच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत येऊन बसले. आमचे हे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरात मी, मुलगा संदेश, सून वैशाली आणि त्यांची चार वर्षांची मिनू.

केबिन रोडवर त्या काळी इंटरनेटची दुकानं पावसाळी भूछत्रांसारखी उगवली होती. लाकडी फळ्यांच्या अरुंद कप्प्यांत पडदे लावून कॉलेजची पोरं कुणाकुणाशी गप्पा मारत असायची, आणि त्यांच्या मधल्या कप्प्यात पदर खोचून ही बाई गोऱ्या पोरापोरींनी लिहिलेली प्रवासवर्णनं वाचत असायची. पाठीवर एक पिशवी, रात्रीला आठजणांच्या खोलीतला एक पलंग, गावातल्या माणसांच्या बसने प्रवास, रस्त्याच्या कडेचं जेवण. एवढ्यावर ही मंडळी महिनोन्‌महिने देश पालथे घालत होती. त्यांचे खर्च मी उतरवून घेतले. पलंगाचे, बसचे, व्हिसाचे, विम्याचे, टोचून घ्यायच्या सुयांचे. मग त्यांच्या यादीत नसलेला एक रकाना मी आखला: मिनूच्या पाळणाघराची फी. मी गेल्यावर शाळेतून आलेल्या पोरीला कुणीतरी सांभाळायला हवं होतं, आणि तो खर्च माझ्याच प्रवासात धरणं मला रास्त वाटलं. जगातल्या दुसऱ्या कुठल्या पाठपिशवीवाल्यानं हा रकाना आखला असेल असं मला वाटत नाही, आणि या एका गोष्टीसाठी त्या तरुण बाईला मी आजही शंभरातले दहा गुण देते.

पिशवी घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "आंटी, बच्ची के लिए चाहिए?"

"हां, बच्ची के लिए," मी म्हटलं. "अठ्ठावन साल की है."

तो बराच वेळ हिशेब करत राहिला.

पाठीवर ओझं घेऊन चालायचा सराव करावा, असं त्या वर्णनांत लिहिलं होतं. ओझं म्हणून मी घरातले तांदूळ भरले. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, पदर आधी घट्ट खोचून वरून पट्टे (नाहीतर पदर पट्ट्यात अडकतो आणि मान मागे ओढली जाते, हे जिन्यातच कळलं), अशी एका सकाळी निघाले. रेल्वेपुलावरून पश्चिमेला उतरले आणि खाडीकाठच्या मुर्धा गावाच्या रस्त्याला लागले. डाव्या-उजव्या हाताला जुनी मिठागरं होती, काही अजून पाण्यानं भरलेली आणि उन्हानं लखलखणारी, काहींत भराव पडून लोखंडी सळया वर आलेल्या. खाडीकडून खारा, कुजकट, पण मला कधीच वाईट न वाटलेला वास येत होता. त्या आरशासारख्या पाण्यात पाठीला कुबड आलेली एक बाई माझ्याबरोबर चालत होती. तिच्याकडे मी फार आदरानं बघत होते. खांदे मात्र मुर्ध्याच्या पहिल्या घरांशी पोचेपर्यंत जागेवर राहिले नव्हते.

रस्त्याकडेला एक म्हातारी सुकी मासळी उलटीपालटी करत होती. तिनं मला नखशिखान्त न्याहाळलं.

"काय गो बाय, सुनंनं घराभायर काढली काय तुला?"

"नाही हो. चालायला आले."

"मंग पाठीवर काय हाय?"

"तांदूळ."

"तांदूळ घेऊन कुठं चाललीस?"

"कुठंच नाही. आता परत घरी."

ती हातातली मासळी खाली ठेवून, शेजारणीकडे वळून अगदी हळू म्हणाली, "काढलीच हाय गो." तिनं मला सावलीत बसवलं, तांब्याभर पाणी दिलं, आणि मी कितीही नाही म्हटलं तरी मूठभर सुकट कागदात बांधून पिशवीत कोंबली. जाताना डोक्यावरून हात फिरवला. तिच्या त्या करुणेपुढे खरं सांगायची मला लाज वाटली. ऐपत असताना, घर असताना, तब्येत धडधाकट असताना कुणी बाई ओझं वाहायचा सराव करते, हे तिला कुठल्या भाषेत सांगणार?

बातमी माझ्याआधी घरी पोचली. मुर्ध्याची कुणीतरी आमच्या इमारतीत मासळी विकायला येत असे. संध्याकाळी संदेश जिना चढत होता तेव्हा तळमजल्यावरच त्याला विचारणा झाली, की आईला काढलंत ते काढलंत, बरोबर नुसते तांदूळ काय दिलेत.

तो घरात आला तेव्हा त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. माझा मुलगा वाईट नाही, तेव्हाही नव्हता. त्याला नव्या इमारतीत मोठं घर नोंदवायचं होतं, माझ्या निवृत्तीच्या पैशातला एक हिस्सा त्याने मनात धरलेला होता, आणि तसं मनात धरण्यात आपल्याकडे कुणाला काही चुकीचंही वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं, इंटरनेटच्या दुकानात जाईपर्यंत. मी कॅलेंडरची पानं त्याच्यापुढे ठेवून सगळा बेत सांगून टाकला.

"आई, चारधामला जा, मी स्वतः गाडीत बसवून देतो," तो म्हणाला. "पण हे काय? सहा महिने, एकटी, कशासाठी?"

हे ‘कशासाठी’ मला झोंबलं. आमच्या इमारतीतल्या तीन बायका परदेशात सहा सहा महिने राहून आल्या होत्या. लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, डिंकाचे लाडू घेऊन गेल्या, बर्फ पडताना काचेआडून बघत लंगोट वाळत घालून आल्या. त्यांना कुणी कशासाठी म्हणून विचारलं नाही. बाई म्हातारी झाली की तिच्या जाण्याला पुण्य तरी लागतं, औषधपाणी तरी लागतं, नाहीतर कुणाचं तरी बाळंतपण लागतं. नुसतं जाणं, एखाद्या नदीच्या कडेनं नुसतं पुढे पुढे जाणं, हे तिच्या खात्यात जमेलाही बसत नाही आणि खर्चालाही. मी संदेशला म्हटलं, "कशासाठीच नाही. म्हणूनच जायचंय."

वैशाली हातातलं काम टाकून आली होती. ती भांड्यांच्या एका कारखान्यात हिशेब लिहायची. आकडे दिसले की तिचे डोळे आपोआप तिकडे जायचे. तिनं माझी कॅलेंडरची पानं उचलली, वरून खाली बोट फिरवत आली आणि थांबली.

"आई, ही शून्यं कसली?"

"उपवास आहेत ते."

तिनं खालचा ओठ दातांत धरला. "आई, रागावू नका. पण उपवासाच्या दिवशी तुम्ही साबुदाणा, वरी, शिंगाड्याचा शिरा, बटाट्याचा कीस, केळी आणि वर रताळ्याचे काप खाता. या घरात सगळ्यांत महागडा दिवस एकादशीचा असतो."

संदेश हसला. मीही हसले असते, पण वैशालीनं तिथल्या तिथे शून्यांच्या जागी आकडे घातले आणि बेरीज खाली मांडली, तेव्हा मला दिसलं की पैसे पुरत नाहीत. थोडेथोडके नाही, बरेच कमी पडत होते. संदेशनं सुटकेचा निःश्वास टाकला. तो अगदी प्रेमानं म्हणाला, "बघ, आई. देवाच्याच मनात नाही."

त्या क्षणी त्या तरुण बाईनं रडावं अशी सगळी तयारी झाली होती. बाहेर तिन्हीसांजेचा जांभळा प्रकाश गल्लीत उतरत होता, कुठेतरी उदबत्ती लागली होती, आणि तो प्रकाश, तो वास, मुलाचा तो मऊ झालेला आवाज, सगळेजण मिळून मला समजूतदार होण्याचा आग्रह करत होते. समजूतदारपणाचा मला आयुष्यात एवढा राग कधी आला नव्हता. मी चहूकडे पाहिलं, आणि मला माझा पलंग दिसला.

"माझी खोली भाड्यानं देईन," मी म्हटलं.

"माझ्या घरात परका माणूस?"

"माझ्या घरात," मी म्हटलं. घरासाठी घेतलेलं खात्याचं कर्ज मी फेडलं होतं आणि कागद माझ्या नावावर होते, पण हे दोन शब्द मी तोवर मोठ्यानं कधी उच्चारले नव्हते. उच्चारल्यावर खोली थोडी मोठी झाल्यासारखी वाटली. संदेश बाहेर निघून गेला. वैशाली पानांवर पेन्सिल टेकवत म्हणाली की आमच्या कारखान्याजवळच्या दवाखान्यात नांदेडकडची एक नर्स आहे, सुनंदा नावाची, जागा शोधतेय, विचारू का.

त्या दिवाळीनंतर मी गेले. सहाऐवजी पाच महिने झाले. थायलंडातून उत्तरेला, तिथून लाओस, मग मेकाँग नदीच्या कडेनं खाली. आठजणांच्या खोल्यांत झोपले, संदेशहून लहान पोरापोरींच्या घोरण्यावर माझं घोरणं चढवलं. एका गावी एकादशीला उपाशी राहायचं ठरवून बाजारात गेले, तर हातगाडीवर पातेलंभर साबुदाणा नारळाच्या दुधात पोहत होता. वैशालीची आठवण काढत दोन वाट्या खाल्ल्या. नदीवरच्या संथ नावेत बसून सगळा दिवस जायचा. दोन्ही काठांवर सागाची पानं जळत असायची, त्यांचा निळसर धूर पाण्यावर लोळायचा, आणि नावेतल्या एकाही माणसाला माझ्याकडून काही नको असायचं. पहिले काही दिवस त्यानं जीव घाबरा झाला. रात्री उठून वाटे, दूध तापवलं असेल का, मिनूचा खोकला गेला असेल का. फोन केला की वैशाली म्हणायची, सगळं ठीक चाललंय. हे ठीक चालणं मला आधी सुईसारखं टोचलं. मी नसताना घर चालतं, हे कळायला बाईला समुद्र ओलांडावा लागतो. आणि कळल्यावर जी पोकळी वाटते तिला हलकेपणा म्हणायचं की दुसरं काही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

संदेशचं घर त्या वर्षी राहिलं, मग भाव वाढले, आणि त्याचं खापर अजून माझ्या डोक्यावर आहे. असू दे. तेही मी पाठीवरून वाहिलंय.

परत आले तो दिवस उन्हाळ्याचा होता, कैऱ्यांच्या वासाचा. सुनंदानं माझी खोली दोन दिवस आधीच मोकळी करून जवळच दुसरीकडे सोय बघितली होती. उशीची खोळ धुऊन, इस्त्री करून ठेवली होती. संदेश माझ्याशी मोजकंच बोलला. जेवणं झाल्यावर वैशाली ओट्याशी उभी राहून भांडी पुसत होती, आणि माझ्याकडे न बघता, जणू उद्याच्या भाजीबद्दल बोलावं अशा स्वरात ती म्हणाली,

"आई, सुनंदा विचारत होती, तुम्ही परत कधी जाताय. मी सांगितलं, हिशेब चाललाय."